मिठाच्या पाण्यातली पाल

हे मी आजवर कोणालाही, अगदी बायकोलासुद्धा, सांगितलेलं नाही: तिच्या मामांची पाल बुडाली. तुम्ही मामांना ओळखत नाही म्हणून हे वाचूनही शांत आहात. अख्ख्या बडोद्यात पालींचा एवढा कैवार घेणारा दुसरा माणूस नाही, आणि उद्या पालींमध्ये निवडणूक झाली तर मामा बिनविरोध निवडून येतील.

समा भागातल्या सोसायटीतलं त्यांचं घर कागदोपत्री मामींच्या नावावर आहे, पण ताबा पालींचा. ट्यूबलाइट अंधार पडायच्या आत लागलीच पाहिजे, कारण "त्यांची जेवणाची वेळ होते." रंगाऱ्याला सक्त ताकीद, खडूसारखा सुटणारा रंग नको, पाय निसटतात. दिवाळीच्या सफाईत मामींचा झाडू ते हवेतच धरतात. "अगं, हिमालय नव्हता तेव्हापासून ही भिंत चढतेय." मामी विचारतात, "तेव्हा भिंत कुठे होती?" मामा अडत नाहीत. "झाडं होती. तेव्हाचा सराव आहे." शेजारच्या बेन "गरोळी, गरोळी" करत आल्या की मामा अनवाणी धावतात, पाल ओंजळीत घेतात आणि बेनना दारातच उभं करून तिच्या घराण्याची कुळकथा सांगतात. पालीची हाडं इतकी नाजूक की दगडात टिकतच नाहीत, म्हणून तिचा इतिहास फाटका. डायनासोरचं काय, आडदांड कारभार, बालासिनोरला त्यांची अंडीसुद्धा सापडतात. पण एखादी पाल झाडाच्या चिकात अडकली आणि त्या चिकाचा राळेचा खडा झाला, की दहाएक कोटी वर्षांनीही तिच्या बोटांखालच्या पट्ट्या जशाच्या तशा. "तेव्हाही हेच पाय होते, बेन. फॅशन बदललीच नाही." बेनना ती फक्त बाहेर सोडलेली हवी असते: "सारु काका, पण एने बहार मूको ने."

असा हा माणूस ज्येष्ठांच्या सहलीतून बँकॉकला गेला आणि तिथल्या फुटपाथवरून मधाच्या रंगाचा एक खडा घेऊन आला. आत बोटभर पाल. मामींनी सगळ्यांना सांगितलं, "लोकांनी अत्तरं आणली, ह्यांनी पाल आणली. घरात कमी होत्या."

मी कोयलीला रिफायनरीच्या प्रयोगशाळेत. तेलाची घनता मोजण्यात केस पिकले. म्हणून खड्याची परीक्षा माझ्याकडे आली. दाट मिठाच्या पाण्यात राळ तरंगते, आणि राळ म्हणून खपवतात ते प्लास्टिक बहुधा बुडतं. मामांनी स्वतः मीठ ढवळलं, आणि ऐन वेळी प्रसूतिगृहाबाहेरच्या बापासारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "जावईबापू, मी बघत नाही. तुम्ही सांगा."

खडा सरळ तळाला गेला. मी मामांच्या पाठीकडे पाहिलं. मान थोडी वाकलेली, मागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांत घट्ट. आणि नोकरीत एकही आकडा न फिरवलेला मी म्हणालो, "तरंगतोय, मामा." त्याच क्षणी ट्यूबलाइटमागची पाल चुकचुकली. मामा वळेपर्यंत खडा माझ्या रुमालात होता. "ऐकलंत? शकुन-बिकुन मी मानत नाही," मामा डोळे पुसत म्हणाले, "पण हा तिचा विषय आहे."

आता सोमवारी ते खडा जाणकारांना दाखवायला नेणार आहेत. वासणा भागात आमच्या घरी त्यांचा रोज फोन येतो: कोणता शर्ट घालू, इंग्रजीत बोलावं लागेल का, तुम्ही तपासनीस म्हणून शेजारी बसाल ना. ते जाणकार पहिल्यांदा मिठाचं पाणीच मागवतील.

काल मी सांगायलाच गेलो होतो. खडा कापसात गुंडाळून पेढ्यांच्या डब्यात तयार. मामांनी माझा हात धरला आणि खिडकीपाशी नेलं. काचेच्या पलीकडे पाल चिकटलेली, पोट वरखाली होत होतं. "खड्यातली नुसता पुरावा आहे, जावईबापू," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दहा कोटी वर्षं खरी टिकली ती इथे." खरं सांगायला यापेक्षा सोपी वाट मला कोणी करून दिली नसती. मी चहा संपवला, "आवजो" म्हणालो आणि घरी आलो.

मी मामांचं एकच देणं लागतो. त्यांचं तोंड भिंतीकडे नाही, माझ्याकडे असताना सांगायचं, की खडा बुडाला होता.