करडईच्या तेलाचे साचे

मिरजगावच्या एका माणसाला लोक तेलचोर म्हणतात. तो चोर नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आजवर हे बायकोलाही बोललो नाही.

लढाईच्या दिवसांत नगरला लष्करी कॅम्पाजवळच्या एका बेकरीत आम्ही दोघे कामाला होतो. तो भट्टीवर, मी पीठ मळायला. आमचं कधीच पटलं नाही. पावाचे नवे पत्र्याचे साचे आले, की तो आतून करडईचं तेल अगदी पातळ पुसून ते रिकामेच भट्टीत भाजायचा. पुन्हा तेल, पुन्हा भट्टी. होता होता साचा आतून काळा, गुळगुळीत व्हायचा आणि पाव अलगद सुटायचा. नंतर पाणी म्हणून लावायचं नाही, नुसतं फडकं फिरवायचं.

एकदा मी साचा उचलून पाहिला तर सगळ्यांदेखत ओरडला, "ए भांडीघाश्या, ठेव खाली! तुज्या आईला सांग, हितं राख घिऊन यायचं न्हाई."

माझी आई लोकांची भांडी घासायची. सगळे हसले. मीही हसलो.

सुटीच्या दुपारी मी राख आणि विटेची भुकटी घेऊन त्यानं भाजून तयार केलेल्या नव्या साच्यांची आतली बाजू पांढरी होईपर्यंत घासली. आमच्याकडे काळं भांडं म्हणजे घरच्या बाईची लाज. सवयीनं घासले, असं म्हणता आलं असतं. पण काय होणार ते मला कळत होतं. कणकेचे गोळे साच्यांत मीच भरायचो, म्हणून भट्टीत जाईपर्यंत त्याला आतलं दिसलं नाही.

सकाळी पाव निघेनात. खरवडून काढले तर बुडं साच्यातच राहिली. बाहेर कॅम्पाची गाडी खोळंबलेली. मालकांनी साचा उजेडात धरून त्याला विचारलं,

"भाजलेच नाहीत हे! तेल कुठं गेलं? घरी?"

"मालक, ह्ये घासल्यात. ह्या भाड्यानं घासल्यात, इचारा त्याला!"

मालक माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "भांडी घासणं आईचं काम. मी पीठ मळतो."

पुन्हा सगळे हसले. तो माझ्या अंगावर धावून आला, तेव्हा त्याला धरून बाहेर काढलं. तेलचोर म्हणून नाव झाल्यावर नगरात कुठल्याही भट्टीनं त्याला उभं केलं नाही. तो मिरजगावला परतला, तर नावही त्याच्यामागं गेलं.

तो माणूस मला आजही आवडत नाही. तरी त्याच्या गावात, त्याच्या लोकांसमोर, साचे मी घासले आणि तेल कोणीच चोरलं नाही, एवढं बोलण्याचं देणं मी त्याला लागतो.