मॅनेजरांचा हिवाळी बंदोबस्त

मॅनेजर निवृत्त झाले तेव्हा बँकेने त्यांना एक घड्याळ दिलं आणि घरच्यांना मॅनेजर दिले. कॉलनीतले लोक त्यांना अजूनही मॅनेजरच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला वहिनी. शाखेत हाताखाली बरीच माणसं होती. घरात कोणी उरलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली, आणि वहिनी इतकी वर्षं हाताखाली होत्या की त्यात आता मजा राहिली नव्हती. मग साहेबांची नजर बागेवर गेली.

बाग वहिनींची होती. घरापुढच्या मुरमाड तुकड्यात त्यांनी कुणाकुणाकडून फांद्या मागून आणून लावल्या होत्या. कुंपणाला जास्वंद, फाटकाशी गुलाब, कोपऱ्यात लिंबू. खिडकीखालचा मोगरा मुलगी रांगत होती तेव्हाचा. मॅनेजरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण बदलून आलेला साहेब जसा आल्या आल्या टेबलं हलवतो, तशा त्यांनी कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत लावल्या. सावलीतल्या उन्हात आल्या, उन्हातल्या सावलीत गेल्या. दोन-चार झाडांनी पानं गाळून राजीनामा दिला.

"शिस्त म्हटली की थोडी गळती होतेच," मॅनेजर म्हणाले.

त्या वर्षी थंडीने कहर केला. सकाळी गवतावर पांढरा थर दिसू लागला. मॅनेजरांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिले, प्रत्येक अर्धाच, आणि बंदोबस्त जाहीर केला.

"अहो, काठ्या रोवून वरून जुनं सुती लुगडं टाकलं तरी पुरतं," वहिनी म्हणाल्या. "सकाळी ऊन आलं की काढायचं. आणि संध्याकाळी बुंध्याशी थोडं पाणी."

"थंडीत पाणी? तुझ्या डोक्यावर ओतलं तर चालेल?"

वहिनी भाजी निवडायला आत गेल्या. त्यांना सवय होती.

मॅनेजरांनी कपाट उघडलं. रजई गुलाबाला मिळाली, ब्लँकेट लिंबाला, वहिनींची लोकरीची शाल मोगऱ्याला. स्वेटर, मफलर आणि कानटोपी मात्र मॅनेजरांच्याच अंगावर राहिली. देखरेख करणारा आजारी पडून कसं चालेल?

"आणि मी काय पांघरू?"

"तू चालती-फिरती आहेस. ती बिचारी एका जागी उभी असतात."

पांघरुणांवर प्लास्टिक आलं, प्लास्टिकवर सुतळी. झाडांची गाठोडी झाली. शेजारचे डॉक्टर फाटकाशी थबकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅनेजर, कोण गेलं?"

दिवसा चांगलं लख्ख ऊन पडायचं. तरी गाठोडी सुटत नव्हती. "आतली ऊब म्हणजे मुदत ठेव," मॅनेजर सांगायचे. "मुदतीआधी मोडायची नसते." प्लास्टिकला आतून घाम फुटायचा, तो रजईत मुरायचा, आणि अंधार पडला की गारठून बसायचा. वहिनींना खिडकीतून हे सगळं दिसत होतं. पुढे पुढे तेही दिसेना, कारण त्या तापाने अंथरुणाला खिळल्या. खोकल्याची उबळ आली की मॅनेजर बाहेरून ओरडायचे, "खिडकी लावून घे, मोगऱ्याला गार वारा लागतोय!"

अशात मॅनेजरांची थोरली बहीण आली. ताई जन्मभर दवाखान्यात परिचारिका होत्या. डॉक्टरांनासुद्धा हात धुवायला पाठवणारी बाई. आल्या आल्या त्यांना दिसलं, की वहिनी दोन साड्या आणि एक सतरंजी अंगावर घेऊन कुडकुडताहेत.

"वहिनी, पांघरुणं कुठायत घरातली?"

"बाहेर. गुलाब घेऊन बसलाय."

ताईंनी आधी अंगातलं स्वेटर काढून वहिनींना चढवलं. मग स्वयंपाकघरातून सुरी उचलली आणि तशाच बागेत गेल्या. मॅनेजर मागून धावले, पण सुतळी तुटली होती. आतून असा भपकारा आला की फाटकाशी जमलेली मंडळी मागे सरकली. रजईला बुरशी. गुलाबाची पानं काळी ठिक्कर. मोगऱ्याची पानं हात लावला तर शिजलेल्या पाल्यासारखी निसटून येत होती. एकट्या जास्वंदीची फक्त टोकं करपली होती, कारण तिच्या वाट्याला पांघरूण उरलंच नव्हतं.

"बघितलंस?" मॅनेजर गरजले. "तू उघडलंस आणि घात झाला!"

"बाळ्या," ताई म्हणाल्या, "तोंडावरची चादर काढली म्हणून कोणी मरत नाही. तो आधीच गेलेला असतो."

कॉलनीने साहेबांचं हे नाव पहिल्यांदाच ऐकलं आणि जपून ठेवलं.

ताईंच्या शेकाने आणि औषधांनी वहिनी उठल्या. उठल्या तशा बागेत जाऊन बसल्या. मोगऱ्याची फांदी मोडून पाहिली, आतून तपकिरी. खालची मोडली, तीही. त्या बराच वेळ मातीत बोटं घालून बसून राहिल्या.

"नवीन आणू की! रोपवाटिकेत ढीग मिळतात," मॅनेजर म्हणाले.

वहिनींनी वर पाहिलंसुद्धा नाही.

ऊन तापल्यावर गुलाब बुंध्यापासून फुटला. मोगरा फुटला नाही. कॉलनीच्या सभेत मॅनेजरांनी हिवाळ्यातल्या बागेच्या निगेवर भाषण केलं आणि दाखला गुलाबाचा दिला. टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी "बाळ्या, वन्स मोर" म्हणालं, ते त्यांनी ऐकलं नाही.

पुढच्या वर्षी हवा गार व्हायला लागली तशी वहिनींनी बॅग भरली.

"कुठे निघालीस?"

"ताईंकडे. थंडी सरेपर्यंत."

"आणि बाग?"

"तुम्ही आहात ना."

ताईंच्या घरी दोघी नणंद-भावजया उशिरा उठत, गॅलरीत उन्हात पाय पसरून गप्पा मारत. कडाका वाढला तसा एके सकाळी फोन आला. मॅनेजर आधी दुधाबद्दल बोलले, मग डॉक्टरांच्या गाडीबद्दल, आणि मग घसा खाकरून म्हणाले, "ते... झाडांवर नक्की काय घालायचं म्हणालीस?"

लग्नाला उभा जन्म लोटला होता. नवऱ्याने आपल्याला काही विचारलं, असं वहिनींना आठवेना. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. काठ्या, वरून सुती कापड, पानांना चिकटू द्यायचं नाही, बुंध्याशी वाळका पाला, संध्याकाळी पाणी, ऊन आलं की उघडायचं.

पलीकडून कागदावर पेन फिरल्याचा आवाज येत होता.

"हे मला माहीतच होतं," मॅनेजर म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय म्हणतोय?" ताईंनी विचारलं.

"माहीत होतं म्हणतात."

ताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि वहिनी पाणी आणायला आत गेल्या.