पाटाखालचं घर

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुणाचंही ताट बघतात तेव्हा त्यांना त्यात अन्न दिसत नाही, उंदीर दिसतात. असा दुसरा माणूस बालाघाटात नाही, आणि एक आहे हेही गावाच्या मानाने थोडं जास्तच झालं. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, भाऊजी उंदरांना लागले. गावात उंदीर किती असावेत हे उंदीर ठरवत नाहीत, आपलं उष्टं ठरवतं, असं त्यांचं म्हणणं. "उंदीर बिळातून येत नाही, ताटातून येते," हे ते भर पंगतीत सांगतात. राजेगावच्या एका लग्नात, मानाचे पाहुणे असूनही, ते खरकट्याच्या टोपल्याजवळ खुर्ची टाकून बसले आणि हात धुवायला येणाऱ्या प्रत्येकाचं ताट निरखत राहिले. माझ्या ताटात मूठभर भात आणि अर्धी जिलबी होती. "साळेबुवा, अर्धा उंदीर टाकून चालले तुम्ही," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मी मुळातच अपराधी वाटून घेणारा माणूस. रस्त्यात कुणी ठेचकाळलं तरी तो दगड आपणच ठेवला असेल असं मला वाटतं. मी उभ्याउभ्याच भात आणि जिलबी एका घासात गिळली.

घरी पुढच्या खोलीत त्यांनी फरशीवर खडूने अख्खा वॉर्ड काढला होता. मंडई, समोसेवाला, मंगल कार्यालय, आमची गल्ली. उष्टं म्हणजे तांदळाचे दाणे आणि उंदीर म्हणजे चिंचोके. ज्या चिंचोक्याला दाणे मिळाले त्याचे पुढच्या खेपेला दोन व्हायचे. ज्याला मिळाले नाहीत तो शेजारच्या घरी जायचा, आणि तिथेही काही नसलं तर डब्यात. गल्लीच्या टोकाशी पाट टाकून भाऊजी दिवसभर हा संसार हलवत बसायचे. बाईला, म्हणजे माझ्या बहिणीला, चहा आणताना सगळ्या वॉर्डाला वळसा घालावा लागे. "लोकाईच्या घरी नातू खेळते फरशीवर, माह्या घरी नवरा," असं म्हणत ती कप मंडईत ठेवायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण दिवाळीआधी वॉर्डात विषाच्या गोळ्या टाकायचं ठरलं आणि भाऊजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. कारण मनी. त्यांच्या दोघी मुली शाळेत होत्या तेव्हा त्यांनी दप्तरातून आणलेली ही मांजर. आता मुली पुण्याला आणि रायपूरला असतात, मनी मात्र इथेच म्हातारी झाली. दात जेमतेम दोन. जिवंत उंदीर तिच्यासमोरून रमतगमत जातो. ती खाते फक्त मेलेला. म्हणजे विष टाकलं की मनी गेलीच, आणि घरात कोंडावं तर ती खिडकीच्या जाळीवर डोकं आपटून घेते.

भाऊजींनी वॉर्डाच्या पार्षदांना, म्हणजे नगरसेवकांना, घरी बोलावलं. ते खुर्चीत बसले, एक पाय मंडईत आणि दुसरा मंगल कार्यालयात. "मास्साब, चूहे बहोत हो गये. लोग मेरा दिमाग खा रहे हैं," ते म्हणाले. भाऊजींनी मूठभर चिंचोके उचलले. "हे तुमच्या दवाईनं मेले. दाणे तसेच हायेत. आता पाहा." चार-पाच खेपांत फरशी पुन्हा भरली. मग त्यांनी चिंचोक्यांना हात न लावता नुसते दाणे वेचले, आणि खेपेगणिक चिंचोके डब्यात जाऊ लागले. पार्षदांनी नकळत दोन्ही पाय वर घेतले. "ठीक है मास्साब, दिवाली तक देखते हैं. नहीं घटे तो दवाई डलेगी."

मग भाऊजी दारोदार फिरले. समोसेवाल्याचं उरलंसुरलं लालबर्रा रोडवरच्या एका गोठ्यात जाऊ लागलं, मंगल कार्यालयाने झाकणाचे ड्रम आणले. काहींनी पटलं म्हणून ऐकलं, बाकीच्यांनी भाऊजी पुन्हा येऊ नयेत म्हणून. आणि उंदीर खरंच घटले. फक्त गल्लीच्या टोकाला, जिथे माझं आणि भाऊजींचं घर लागून आहे, तिथे ते तसेच राहिले. फरशीवर तिथले चिंचोके केव्हाच संपले होते, पण मागच्या नालीत उंदीर खुशाल फिरत होते. शेजारी म्हणून मी लगेच दोष अंगावर घेतला. ताट इतकं चाटूनपुसून ठेवू लागलो की बायको म्हणाली, "भांडे तुम्हीच घासून राह्यले जिभेनं, तं मी काय करू?" तरी उंदीर हलेनात.

दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा एका दुपारी मी गेलो. मनी मांडीवर होती आणि भाऊजी गल्ली पुसून पुन्हा काढत होते. "माहं गणितच चुकलं असन, साळेबुवा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी उभा होतो म्हणूनच मला दिसलं. खडूच्या वॉर्डात माझं घर होतं, समोरचं होतं, त्यापलीकडचंही होतं. भाऊजींच्या घराच्या जागी मात्र पाट होता, आणि पाटावर ते स्वतः.

"भाऊजी, जरा उठता का?"

ते उठले नाहीत. आत बाई संध्याकाळचे तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "मले माहीत हाये. तुमच्या बाईचा हात अजून चौघाईचाच हाये. पोरी गेल्या, भाताचा गंज थोच. उरते थे मनीपुढे ठेवते, मनीच्यानं सरत नाही, मंग मांगं नालीत जाते. साऱ्या वॉर्डाले सांगतलं, कमी रांधा. तिले कसं सांगू? तसं सांगतलं तं पोरी खरंच गेल्या असं होते ना."

मला अपराधी वाटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा काही उपयोग झाला. भिंतीला भिंत लागून आहे, पण सणवार सोडून मी बहिणीकडे जेवलो नव्हतो. त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन पाट मांडला. "बाई, आज इथंच जेवतो."

"काहून? बायकोनं हाकललं का?"

"थे बी आली ना संगं."

बाईने आम्हा दोघांना असं वाढलं, जणू आम्ही होस्टेलातून सुट्टीला आलो होतो. गंज तळापर्यंत रिकामा झाला. मग ते रोजचंच झालं. दिवाळी आली तेव्हा नाली शांत होती. पार्षद फराळाला आले, चिवड्याची बशी भाऊजींच्या नजरेखाली शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत संपवली आणि "दवाई कैंसल, मास्साब" म्हणून गेले. मनी मंडईच्या चौकोनावर झोपली होती.

त्या दिवशीही जेवणं झाल्यावर बाईने गंजातला शेवटचा थोडा भात वाटीत काढून झाकून ठेवला. "असू दे. कोणी आलं तं," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. भाऊजींनी ते पाहिलं. मला वाटलं, आता गणित मांडतील. ते पुढच्या खोलीत गेले, पाट बाजूला सरकवला आणि त्या कोऱ्या जागी खडूने आपलं घर काढलं. मग डब्यातून एक चिंचोका घेऊन त्यात ठेवला.

"राहू द्या एक," ते म्हणाले. "खाईन थो बिचारा."