बिनशिक्क्याचे ओंडके

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. ती मला सरळ माणूस समजते, समजू दे. तुम्हाला मात्र सांगतो.

मी पुण्यातला लाकडाचा व्यापारी, सागवान विकतो. संशय हा आमच्या धंद्याचा स्वभावच. ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का आहे का? असला तर खरा आहे का? ट्रकसोबतचा परवाना याच मालाचा कशावरून? माझा तर सख्ख्या मेहुण्यावरही विश्वास नाही. व्यापाऱ्यांच्या सभेत कायदेशीर लाकडावर भाषणं मीच देतो. बरी देतो.

आणि एकदा बिनशिक्क्याचे ओंडके मीच घेतले. स्वस्त होते — दुसरं कारण नाही. स्वतःच्या वखारीत ठेवायची छाती झाली नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी शेजारच्या आरागिरणीच्या उघड्या आवारात टाकले. आमच्यात रीतच आहे, कापायचा माल गिरणीपाशी पडून राहतो. कुणाचा, ते कुणी विचारत नाही. गिरणी दोघा भावांची. थोरला सुदाम तेव्हा गावी गेला होता. धाकट्या विलासने ओंडके पाहिले, विचारलं नाही.

सुदाम परतला आणि पाठोपाठ वनखात्याची तपासणी आली. साहेबांनी मलाही विचारलं. मी म्हणालो, "आपला नाही हा माल." गिरणीला सील लागलं.

इथवर मी नुसता भित्रा होतो. पण पुढे —

सुदाम माझ्याकडे आला. "शेठ, तुम्ही या धंद्यात मुरलेले. हे कुणाचं काम असेल?"

त्याला माझा संशय आला होता का? मी त्याचा चेहरा नीट निरखला. नव्हता आला. माझी भीती गेली, आणि ती गेल्यावर — हे लक्षात घ्या — मी म्हणालो, "बाहेर कशाला शोधता? तुम्ही गावी होता तेव्हा गिरणीवर कोण होतं?"

विलासचं नाव मी घेतलं नाही. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल?

माल कुणाचा, हे विलासला सांगता येईना. सुदामने त्याला बाहेर काढलं. पुढे गिरणी सुरू झाली, पण विलास आता कात्रजला दुसऱ्याच्या दुकानात प्लायवूड कापतो. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

गेल्या वर्षी विलासच्या मुलीचं लग्न झालं. सुदामला आमंत्रण नव्हतं. मला द्यायला विलास स्वतः घरी आला. अंतरपाट धरायला घरचं माणूस हवं होतं, तेव्हा त्याने एक टोक माझ्या हातात दिलं.

मी ते धरलं.