लग्नघरातली बेडी

एतेल्का चोर्दाशच्या स्वयंपाकघरात ज्या खणात लाटणं असतं त्याच खणात बेड्याही असतात, आणि या गोष्टीचा तिला लग्न झाल्यापासून वैताग आहे. नवरा गेलर्ट जिल्ह्याच्या तुरुंगात हवालदार. कैद्यांना कोर्टात न्यायचं आणि परत आणायचं, हे त्याचं काम. इतर हवालदार घरी येऊन टोमॅटोला पाणी घालतात, नाहीतर पालिंकाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, पेला घेऊन बाकावर बसतात. हा बाबा बेड्या घेऊन बसतो. साखळीची घाल, मनगटं फिरवून बघ, काढ. बिजागरीची घाल, पुन्हा तेच. साखळीच्या बेडीत हात वळतात, बोटं कुलपापर्यंत पोचतात. बिजागरीच्या बेडीत तेवढे वळत नाहीत. मधे आडवा दांडा असलेली सगळ्यांत पक्की, पण ती खिशात मावत नाही म्हणून तरण्या हवालदारांना नको असते. एतेल्काला हे सगळं तोंडपाठ झालंय. तिनं कधीही विचारलं नव्हतं.

त्यात सगळ्यावर कडी म्हणजे दुसरं कुलूप. बेडी नुसती दाबून बंद केली तर पुढे ती आणखी आवळत जाऊ शकते. पण किल्लीच्या टोकानं एक बारीक खिळा दाबला की ती जिथल्या तिथे थांबते, मग आवळतही नाही आणि युक्तीनं उघडतही नाही. तुरुंगातली तरणी पोरं तेवढाही त्रास घेत नाहीत, यावर गेलर्ट सूप वाढल्यापासून टेबल आवरेपर्यंत बोलायचा.

"आवळून कैद्याचं मनगट सुजलं तर जबाबदार कोण? आणि सुटून पळाला तर?"

"मी," एतेल्का म्हणायची. "मी जबाबदार. आता गिळ."

मुलगी बोरोका लहान असताना तिला मात्र या खेळाची भारी हौस. गेलर्ट तिच्या इवल्याशा मनगटात बेडी अडकवायचा. ती अंगठा तळहातात मुडपायची, बोटं चिमटून सुळकन हात काढून घ्यायची आणि घरभर ओरडत सुटायची, "बाबा, नापास! हीपण नापास!" मग ती मोठी झाली आणि तिला या सगळ्याची लाज वाटायला लागली. तिच्या साखरपुड्याला तर कहर झाला. होणाऱ्या विहीणबाई संगीताच्या शिक्षिका. त्यांनी शिष्टाचार म्हणून विचारलं, काम कसं चाललंय. गेलर्ट उठला, खणातून तीन प्रकारच्या बेड्या घेऊन आला आणि फरक नीट कळावा म्हणून एक नवरदेवाच्या मामाला घातली. पाहुणे गेल्यावर बोरोका फाडकन म्हणाली, "बाबा, माणूस भेटला की तुम्ही आधी त्याचं मनगट बघता. या घरातून मी लग्न करून जात नाहीये. सुटून चाललेय."

तेव्हापासून बापलेकीत कामापुरतं बोलणं. लग्न झालं की पोरगी नवऱ्याबरोबर, अकोशबरोबर, ऑस्ट्रियात राहायला जाणार. तोंडं फिरवून दोघांनी निरोप घेतला तर पुढे कोण कुणाला फोन करणार, या काळजीनं एतेल्काला अन्न गोड लागेना. तिनं गेलर्टला बजावलं होतं, लग्नाच्या दिवशी बेडीचं नावही काढायचं नाही. त्यानं छातीवर क्रूस काढून कबूल केलं होतं.

आणि लग्नाच्या सकाळी, अंगणात कढयांमध्ये कोबीचे रोल शिजत असताना, एतेल्का लाल तिखट आणायला कोठीत गेली तर हा गृहस्थ काळ्या सुटात पिठाच्या पोत्यावर बसलेला. दोन्ही हात पुढे. हातांत बेडी.

"रागावू नकोस," गेलर्ट म्हणाला.

"का? का रागावू नको?"

"नवीन नमुना आलाय. कोणती घ्यायची ते सोमवारी साहेबांना सांगायचंय. सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता, म्हटलं जरा बघावं."

"मग काढ आता!"

"किल्ली लागत नाही."

त्यांच्या धंद्यात सगळ्या बेड्यांना एकच किल्ली चालते. ती गेलर्टच्या जुडग्यात तळघराच्या किल्लीशेजारी जन्मभर लटकतेय, त्यामुळे बेडी घालण्याआधी किल्ली बघायची, हे कुणाही हवालदाराच्या डोक्यात येत नाही. या नव्या बेडीला मात्र तिची स्वतःची वेगळी किल्ली होती, आणि ती शहरात ड्यूटीच्या खोलीत खोक्यातच राहिली होती.

"आणि ते दुसरं कुलूप? तेही लावलंस?"

"लावलं ना. खिळा तेवढा जुन्या किल्लीनंही दाबला गेला." त्याच्या आवाजात, एवढं होऊनही, थोडा अभिमान होता. "लावायलाच हवं."

एतेल्कानं तिखटाचा डबा फळीवर आदळला. या माणसाशी संसार केला म्हणून आपल्याला पेन्शन मिळायला हवी, असं ती म्हणाली, आणि आणखीही बरंच काही म्हणाली. मग तिनं तिहामेरला हाक मारली. तिहामेर म्हणजे गेलर्टच्या हाताखालचा पोरगेला हवालदार, लग्नाला म्हणून आलेला.

"काकू, हंसाची चरबी चोळून बघू या का?" तिहामेर म्हणाला.

"तुझ्या डोक्याला चोळ! गाडी काढ आणि किल्ली आण."

तरी त्यानं चरबी चोळून बघितलीच. बाही बरबटली, बेडी हलली नाही. तिहामेर गाडी घेऊन सुटला, आणि तो वळणाआड जातोय तोच फाटकाशी व्हायोलिनं वाजू लागली. नवरदेवाकडचा करवला रंगीत फिती बांधलेली काठी आपटत मुलीला मागायला आला होता. वडिलांनी मुलीचा हात नवऱ्याच्या हातात दिल्याशिवाय या गावात मुलगी उंबरा ओलांडत नाही.

"कोठीत काय चाललंय तुमचं?" म्हणत बोरोका पांढऱ्या झग्यात दारात आली आणि थबकली. एतेल्कानं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

बोरोकानं बापाच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "दुखतंय का?"

"नाही," गेलर्ट खाली मान घालून म्हणाला. "दुसरं कुलूप लावलंय. आवळत नाही."

ती हसतेय की रडतेय ते एतेल्काला कळेना. पोरीनं पावाच्या टोपलीवरचं भरतकामाचं फडकं ओढलं, बापाच्या मनगटांवर टाकलं आणि त्याला दंडाला धरून बाहेर नेलं.

अंगणात करवल्यानं निरोपाचं कवन म्हटलं. गेलर्टनं लेकीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. दुसरा इलाज नव्हता. "बघा, दोन्ही हातांनी देतोय," बायका कुजबुजल्या. विहीणबाईंनी रुमाल काढला. अकोश हात पुढे करून उभा राहिला. पण गेलर्ट हात सोडेना. करवल्यानं शेवटची ओळ पुन्हा म्हटली, मग आणखी एकदा. व्हायोलिनवाला एतेल्काकडे बघायला लागला.

"गेलर्ट," एतेल्का दातांतल्या दातांत म्हणाली, "सोड तिला."

त्यानं सोडलं नाही. तेव्हा बोरोकानं अंगठा तळहातात मुडपला, बोटं चिमटली आणि सुळकन हात काढून घेतला.

"बाबा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "हीपण नापास."

गेलर्टनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि फडकं खाली पडलं. सगळ्या लग्नघराला बेडी दिसली. एतेल्का कुणाला काही समजावत बसली नाही.