गुडघ्यांची इंग्रजी चौकशी

नोकरी सोडल्यावर मी वसईतल्या गास गावच्या घरातूनच जपानमधल्या एका शाळेला ऑनलाइन इंग्रजी शिकवायला लागले. माझ्याकडे सकाळचे आठ वाजलेले असायचे, तेव्हा तिकडे जेवणाची सुट्टी जवळ आलेली असायची. पडद्यावर सहावीची मुलं ओळीत बसलेली दिसायची आणि कडेला त्यांचे वर्गशिक्षक ताठ उभे.

पहिल्या दिवशी मी विचारलं, ‘हाऊ आर यू?’ अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, ‘आय ॲम फाइन, थँक्यू. अँड यू?’ पुढच्या आठवड्यातही तेच. एकदा एका मुलाचा हात प्लास्टर घालून गळ्यात अडकवलेला होता. मी त्याला एकट्याला विचारलं. तोही फाइनच होता.

वसईत असं चालत नाही. पाचूबंदरहून येणाऱ्या मासेवालीला ‘कशी आहेस’ म्हटलं, की ती टोपली खाली ठेवते आणि सुनेपासून सुरुवात करते. म्हणून मी मुलांना खरी उत्तरं शिकवायची ठरवली. दमलोय, सर्दी झालीय, कंटाळा आलाय, भूक लागलीय. पुढच्या तासाला विचारलं, तर जवळजवळ सगळ्या वर्गाला भूक लागली होती. मला फार समाधान वाटलं.

मग वर्गशिक्षकांची मेल आली. मुलं भुकेली असतात हे शाळेच्या आजवर लक्षात आलं नाही, याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली होती. मुख्याध्यापकांनी बैठक घेऊन इंग्रजीचा तास जेवणानंतर ठेवला होता. तो नुसता सराव होता, असं मी कळवलं. त्यावर त्यांनी गैरसमजाबद्दल पुन्हा माफी मागितली, पण नवं वेळापत्रक छापून झालं होतं. नव्या वेळेला मी मुलांना विचारलं, तेव्हा सगळ्यांना झोप येत होती.

या वेळेला माझ्या सासूबाई केळीच्या वाडीतून परत येतात. एके दिवशी त्या माझ्या मागून स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि मुलांना दिसल्या. मुलांनी आपसांत बराच विचारविनिमय केला. मग एक मुलगी उभी राहिली आणि तिने त्यांनाच ‘हाऊ आर यू’ विचारलं.

“आई, तुम्ही कशा आहात, विचारतेय,” मी म्हटलं.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. “कशी असनार? गुडघे ठणकतात. डॉक्टर म्हनतो, वजन कमी करा. मी खाते तरी किती?”

मुलं एकाग्रपणे ऐकत माना डोलावत होती. आमच्या घरात सासूबाईंचं इतकं शांतपणे कोणीच ऐकून घेतलेलं नाही, त्यामुळे त्या पुढे पाठीच्या दुखण्याकडे वळल्या. शेवटी वर्गशिक्षकांनी अदबीने अर्थ विचारला. मी थोडक्यात सांगितलं की गुडघे दुखतात. मुलांनी ते लिहून घेतलं.

काही आठवड्यांनी पार्सल आलं. आत दुखऱ्या जागी चिकटवायच्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक मुलाने काढलेलं गुडघ्याचं चित्र. पट्ट्यांवरच्या सूचना जपानी भाषेत होत्या, म्हणून मी वर्गातच विचारलं. वर्गशिक्षकांनी जराही न हसता पँट गुडघ्याच्या वर दुमडली आणि एक पट्टी लावून दाखवली. सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिलं.

“मास्तर चांगला हाय,” त्या म्हणाल्या. “पन किती बारीक.”

पट्ट्यांनी त्यांना बरं वाटलं. निदान शेजारच्या तिघीचौघींना त्यांनी गुडघा दाखवून तसं सांगितलं. मग त्यांच्याच आग्रहावरून आम्ही शाळेला सुकेळी पाठवली, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी. ती सगळ्यांत कशी वाटून घ्यायची यावर वर्गात चर्चा झाली, असं वर्गशिक्षकांनी कळवलं. मुलांनी फूटपट्टीने मोजून सारखे तुकडे केले. तरी एक तुकडा उरलाच. त्यासाठी सगळे दगड-कागद-कात्री खेळले. मुख्याध्यापकही खेळात उतरले होते आणि पहिल्याच फेरीत बाद झाले.