भिंतीसाठी फोटो

नागपूरला समुद्र नाही. फुटाळा तलावाच्या काठालाच आम्ही चौपाटी म्हणतो आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. बाबांनी खरा समुद्र कधी पाहिला नव्हता. त्यांच्या ऑपरेशनला चार दिवस उरले असताना ते म्हणाले, एक दिवस सुट्टी काढ, मला तलावावर फिरव, फोटो काढ. धंतोलीतल्या डॉक्टरांनी सोमवार दिला होता. छाती उघडून करायचं ऑपरेशन होतं.

फिरणं हे निमित्त आहे हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही. आपलं काही बरंवाईट झालं तर भिंतीवर लावायला एक नीट फोटो असावा, एवढंच त्यांना हवं होतं. मी तो काढायचा नाही असं ठरवून घराबाहेर पडले होते.

त्यांच्या या हट्टामागे आधीची गोष्ट आहे. आई गेली तेव्हा घरात तिचा धड एक फोटो निघाला नाही. ट्रंका उपसल्या, नातेवाइकांना फोन केले. शेवटी एका लग्नाच्या पंगतीतला सापडला. आई वरण वाढते आहे, हातात बादली, मान वळवून कोणाला तरी काही विचारते आहे. त्यातला तिचा चेहरा तेवढा मोठा करून घेतला. मोठा केल्यावर तो फुटला, पीठ उडाल्यासारखा दिसायला लागला. ओठ अर्धवट उघडे. सहा वर्षं ती भिंतीवरून दाराच्या बाजूला पाहत काहीतरी विचारते आहे.

बाबांचे फोटो तर त्याहूनही कमी. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर ते ठेकेदाराच्या हाताखाली होते. आत फोटो काढायला मनाई, आणि सुटी होऊन बाहेर आलेल्या माणसाचा तसल्या काळ्या अवतारात कोण फोटो काढतो? आधार कार्डावरचा एक होता. त्याला ते स्वतःच हसायचे. म्हणायचे, तो भिंतीवर लावला तर पोलीस चौकशीला येतील.

त्या दिवशी त्यांनी पांढरा सदरा स्वतः इस्त्री केला. मिशीला काळा रंग लावला. तो ओठाच्या कडेला थोडा उतरला होता, मी बसमध्ये रुमालाने पुसला. कोराडीहून बर्डी, तिथून ऑटोने आधी अंबाझरी तलाव. जानेवारीचा दिवस असूनही आभाळ भरून आलेलं, पाण्याचा रंग भांडी विसळलेल्या पाण्यासारखा. बंधाऱ्यावरून आम्ही हळूहळू चालत होतो. दहा-बारा पावलांवर ते थांबायचे आणि पाण्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारायचे. दम लागला हे म्हणायचं नव्हतं त्यांना. मीही विचारलं नाही.

फोन माझ्या पहिल्या पगारातला. मी पाणकावळे काढले, वाळत घातलेली जाळी काढली, जलपर्णीत अडकलेली एक डोंगी काढली. बाबा बंधाऱ्याच्या कठड्यावर बसले, सदरा खाली ओढला, एक खांदा पुढे केला आणि म्हणाले, छातीपर्यंत घे. मी हो म्हणून वीस पावलं मागे गेले आणि अख्खा तलाव घेतला. त्यांनी चष्मा लावून फोन डोळ्यांजवळ नेला.

"याच्यात मी कुठी हाओ?"

मी बोटाने दाखवलं.

"मुंगी हाओ का मी?"

मग दोनदा-तीनदा तसंच झालं. कधी मी झाडाची फांदी मध्ये आणली, कधी त्यांना पाण्याकडे तोंड करून उभं केलं. त्यांनी चिडायला हवं होतं. चिडले असते तर मलाही भांडता आलं असतं. ते शाळेतल्या मास्तरासारखे समजावत राहिले. आईच्या फोटोत आई दाराच्या बाजूला पाहते. त्या बाजूला आपली जागा. म्हणून आपलं तोंड तिच्याकडे वळलेलं हवं, म्हणून हा खांदा पुढे.

"तुही माय इतके वर्षं झाले कोणाशी बोलून राहिली, समजतच नाही. मी त्या अंगानं बसलो त पाहणाऱ्याले वाटंन, दोघं बोलून राहिले."

मी सांगितलं की असली ऑपरेशनं आजकाल रोज होतात, लोक आठवड्याभरात घरी येतात, महिन्याभरात जिने चढतात. असली वाक्यं मला चांगली बोलता येतात. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बँकेत, तहसीलमध्ये, डॉक्टरसमोर बोलायचं ते मीच, आणि मला त्याचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. डॉक्टर बाबांशी न बोलता माझ्याशी बोलत, तेव्हा बाबा माझ्याकडे असे पाहायचे की जणू मीच त्यांना बरं करणार आहे.

खरं कारण मात्र मी कोणाला सांगितलं नसतं. तो फोटो काढला की आपणच ते ठरवून टाकलं, असं मला वाटत होतं. भिंतीची जागा ठरली, तोंडाची बाजू ठरली, आता फक्त माणूस जायचा राहिला. दारावरच्या लिंबू-मिरचीवरून मी शेजाऱ्यांशी भांडलेली आहे. अंधश्रद्धेवर भाषण करून कॉलेजात मिळवलेला कप अजून आमच्या कपाटावर आहे. आणि तीच मी फोनचं बटण दाबायला घाबरत होते.

दुपारी विद्यापीठाच्या कॅम्पसच्या रस्त्याने फुटाळ्याकडे निघालो. मी तिथेच शिकले. तुझा वर्ग कोणत्या खिडकीचा, असं त्यांनी विचारलं. मी खिडकी दाखवली. ते बराच वेळ वर पाहत होते. माझ्या कॉलेजच्या सगळ्या वर्षांत ते एकदाही इथे आले नव्हते. पाळी सोडता येत नाही म्हणायचे, पण मला वाटतं, त्यांना कपड्यांची लाज वाटायची. आणि मीही कधी या म्हटलं नाही. त्या इमारतीखाली त्यांनी पुन्हा खांदा पुढे केला. मी म्हटलं, उजेड बरोबर नाही. इमारतीचा फोटो काढला.

फुटाळ्याला पोचलो तोवर चार-साडेचार झाले होते. कणसं भाजणारे, फुगेवाले, कॉलेजची पोरंपोरी, सगळ्यांचे फोन वर. सूर्य असा नव्हताच, ढगात एक पांढुरका डाग होता. बाबा पायरीवर बसले. त्यांचे ओठ जरा निळसर दिसत होते. मी म्हटलं, आता परत जाऊ, तुम्ही बरे झालात की पुन्हा येऊ, तेव्हा सावकाश काढते, तेव्हा ऊनही चांगलं असेल.



"तू त शिकलेली पोरगी न वं. मंग काहून भेऊन राहिली?"

मी ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसायला लागले. 

त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, उठले, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलींपैकी एकीला म्हणाले, बेटा, माझा एक फोटो काढून दे. तिला सगळं सांगितलं, छातीपर्यंत, या बाजूने, खांदा असा. ती म्हणाली, काका, जरा हसा. ते म्हणाले, नाही, घरात लावायचा आहे. तिला काय कळायचं, ती आणि तिच्या मैत्रिणी हसल्या. मग तिने मला हाक मारली, ताई, तुम्ही पण या ना. मी त्यांच्या बाजूलाच, पाण्याकडे तोंड करून तशीच उभी राहिले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी झोपले. मी एकदाही तो फोटो उघडून पाहिला नाही.

रविवारी दवाखान्यात त्यांनी तो शेजारच्या खाटेवरच्या माणसाला दाखवला. मग त्याच्या बायकोला, मग सिस्टरला, भेटायला आलेल्या आत्याला. प्रत्येकाला म्हणाले, माह्या पोरीनं काढला. मी तिथेच उभी होते. एकदा आमची नजरानजर झाली आणि त्यांनी नजर काढून घेतली, चोरी माझी असून.

सोमवारी ऑपरेशन झालं. बुधवारी पहाटे ते गेले. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं होतं. त्यांनी मला सगळं नीट समजावलं आणि मला सगळं समजलंही, शिकलेली आहे ना.

फ्रेमवाल्याने फोटो संगणकावर मोठा केला. हा फुटला नाही. मिशीतला एकेक केस दिसत होता. बाजूला कोणाची तरी पाठ आली आहे, तो म्हणाला, ओढणीचं टोकही आलंय, कापून टाकू का? मी कापा म्हटलं.

आता ते आईच्या शेजारी आहेत. ठरवलं होतं तसेच, तिच्याकडे वळलेले. आलेला माणूस पाहतो आणि म्हणतो, दोघं बोलताहेत असं वाटतं. मग विचारतो, तूच काढला ना, सांगत होते ते. मी मान हलवते आणि चहा ठेवायला आत जाते.